विदर्भाच्या ‘कॅलिफोर्निया’ला मे महिन्यातला पाऊस का नको असतो?

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे दोन हंगाम असतात. ऑक्टोबरपासून आंब्या बहाराची संत्री यायला लागतात आणि डिसेंबरपर्यंत आवक जोरात असते. मग थोडी उसंत मिळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची फळं येतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरपासून वरुड-मोर्शीपर्यंतच्या बागांचं वर्ष या दोन आवकींवर चालतं.

२०२५ चा मे महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत पावसाळी मे ठरला. उन्हाचा तडाखा कमी झाला म्हणून शहरांना हायसं वाटलं. पण मृग बहार धरणाऱ्या संत्रा बागायतदारासाठी मे महिन्यातला पाऊस ही चांगली बातमी नसते. ४५ अंशांत होरपळणाऱ्या बागेला पाऊस नको, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण यामागे एक साधं कारण आहे. जगात हवामान ठिकठिकाणी वेगळं का असतं आणि ते बदलतंय म्हणजे नेमकं काय होतंय, हेही त्यातून समजतं.

हवा वेगळी, हवामान वेगळं

शाळेच्या भूगोलात हा फरक शिकवलेला असतो, पण रोजच्या बोलण्यात तो पुसला जातो. आज कळमन्यात ऊन आहे की ढग, ही झाली हवा. एखाद्या ठिकाणची अनेक वर्षांची, साधारण ३० वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. हवा तासातासाला बदलते. हवामान मात्र घरं कशी बांधायची, काय पेरायचं, लग्नं कधी काढायची, हे ठरवतं.

विदर्भातल्या शेतकऱ्यानं हवामानाचं हे ज्ञान बहारांच्या नावातच साठवून ठेवलं आहे. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, संत्र्याला फुलं आली तर तो आंब्या बहार. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागतं आणि पाऊस येतो, त्यावर फुटतो तो मृग बहार. परतीच्या पावसाच्या काळातला तो हस्त बहार. ही नावं ज्या काळात पडली, त्या काळी मृगाचा पाऊस मृगात येईल असा भरवसा होता. आज तोच भरवसा डळमळीत झाला आहे.

एकवीस अंशांच्या रेषेवर

पृथ्वीवर कुठं किती उष्णता पोहोचते, हे आधी अक्षांश ठरवतो. विषुववृत्ताजवळ सूर्यकिरण सरळ पडतात, ध्रुवांकडे तिरपे. म्हणून एकाच अक्षांशावरच्या गावांचं हवामान सारखं असायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सुरत, मक्का, व्हिएतनामची राजधानी हनोई आणि अमेरिकेच्या हवाई बेटांवरचं होनोलुलू ही शहरंही याच रेषेच्या आसपास आहेत. मक्केत वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागपुरात तो १,००० मिलिमीटरच्या वर जातो आणि हनोईत दीड हजारांच्या पुढं. होनोलुलूत आजवरचं विक्रमी कमाल तापमान ३५ अंश आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ३५ अंश असले तर लोक ‘आज गार आहे’ म्हणतील.

हा फरक कशामुळे पडतो? पहिलं कारण समुद्र. पाणी हळू तापतं आणि हळू थंड होतं, जमीन मात्र लवकर तापते आणि लवकर निवते. होनोलुलूच्या चारही बाजूंना प्रशांत महासागर आहे, त्यामुळे तिथं उन्हाळा आणि हिवाळ्यात फारसा फरक नसतो. दुसरं कारण वारे. मक्केकडे पाऊस आणणारे वारे फिरकत नाहीत, तर हनोई आणि नागपूर मोसमी वाऱ्यांच्या वाटेवर आहेत. तिसरं कारण उंची. मेक्सिकोतलं ग्वादालाहारा शहरही जवळपास याच अक्षांशावर आहे, पण ते समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर असल्यामुळे तिथला उन्हाळा सौम्य असतो. चौथं कारण डोंगरांची दिशा. त्याचा संत्र्याशी थेट संबंध आहे, तो पुढं येईल.

नागपूर एवढं का तापतं?

नागपूर देशाच्या जवळपास मध्यावर आहे. कोणत्याही समुद्रापासून ते शेकडो किलोमीटर आत आहे. मुंबईत मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशांवर थांबतं, कारण दुपारी समुद्रावरून वारा येतो. नागपुरात येतो तो वायव्येकडचा कोरडा, तापलेला वारा. त्यामुळे मे महिन्याची सरासरी ४२ अंशांच्या पुढं जाते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

समुद्र दूर असल्याचा दुसरा परिणाम हिवाळ्यात दिसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणजे एकाच शहरानं पाहिलेल्या दोन टोकांमध्ये ४४ अंशांचा फरक आहे.

हीच टोकं संत्र्याच्या कामी येतात. फळाच्या सालीतला हिरवा रंग जाऊन केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात. पारा १३ अंशांच्या आसपास किंवा खाली गेला की सालीतलं हरितद्रव्य वेगानं नष्ट होतं. वर्षभर उबदार असलेल्या प्रदेशांत याच कुळातली फळं आतून पिकली तरी बाहेरून हिरवीच राहतात. कळमन्यात ऑक्टोबरचा माल हिरवट आणि डिसेंबरचा माल केशरी दिसतो, त्यामागे बरंचसं नागपूरच्या थंडीचं काम आहे.

झाडाला ‘ताण’ देणं म्हणजे काय?

संत्र्याचं झाड आपोआप एकदम फुलत नाही. त्याला आधी विश्रांती लागते. वाढ थांबली की झाड अन्न साठवतं आणि परिस्थिती सुधारली की सगळ्या फांद्यांवर एकदम फुलं येतात. ही विश्रांती दोन प्रकारे मिळते. एक थंडीनं, दुसरी पाणी तोडून.

जिथं हिवाळा पुरेसा आणि लांब थंड असतो, तिथं निसर्गच हे काम करतो. नागपूरची थंडी थोड्या दिवसांची आणि बेभरवशाची असते. म्हणून इथला शेतकरी पाणी बंद करतो. आंब्या बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये. जमीन भारी काळी असेल तर ताणाला जास्त दिवस लागतात, हलकी असेल तर कमी. साधारण एक ते दोन महिने झाड तहानलेलं ठेवलं जातं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. मग पाणी मिळालं की बहार फुटतो.

आंब्या बहाराला हे पाणी विहिरीतून किंवा बोअरवेलमधून द्यावं लागतं आणि पुढचे पाच-सहा महिने, ऐन उन्हाळ्यातही, देत राहावं लागतं. मृग बहारात ताण उन्हाळा देतो आणि पाणी पाऊस देतो. म्हणजे मृग बहार ही पूर्णपणे मोसमी हवामानावर बेतलेली पद्धत आहे. कोरडा, कडक मे आणि त्यानंतर वेळेवर येणारा मृगाचा पाऊस, हा क्रम जुळला तरच ती चालते.

ताण पूर्ण होण्याआधीच मे महिन्यात चांगला पाऊस झाला तर झाडाची विश्रांती मोडते. फुलांऐवजी नवती, म्हणजे नुसती कोवळी पालवी फुटते. बाग हिरवीगार दिसते, पण पुढच्या फेब्रुवारीत कळमन्यात न्यायला फळ नसतं. पाणी तोडणं शेतकऱ्याच्या हातात आहे, आभाळातून पडणारं पाणी अडवणं नाही.

खरं कॅलिफोर्निया उलट्या घड्याळावर चालतं

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी भागाला ‘विदर्भाचं कॅलिफोर्निया’ म्हणतात. संत्र्यामुळे हे नाव पडलं. हवामानाच्या दृष्टीनं मात्र ही दोन ठिकाणं जवळपास एकमेकांच्या उलट आहेत.

विदर्भात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे उष्ण महिन्यांत पडतो. कॅलिफोर्नियात भूमध्य सागरी हवामान आहे. तिथं उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस हिवाळ्यात. स्पेन, इटली, इस्राएल, मोरोक्को या संत्रा-मोसंबी पिकवणाऱ्या देशांतही हाच क्रम. तिथं हिवाळ्याची थंडी झाडाला विश्रांती देते आणि वसंतात फुलं येतात. ताण द्यायची गरजच पडत नाही. मात्र उन्हाळाभर बागा कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर जगवाव्या लागतात.

आणखी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. नागपुरी संत्रं हे सैल सालीचं, हातानं सोलता येणारं मँडरिन आहे. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि ब्राझीलमध्ये मुख्यतः घट्ट सालीचं गोड ऑरेंज पिकतं, ते आपल्या मोसंबीचं भावंडं. पण थंडी, ताण आणि फुलोऱ्याचं गणित दोन्हींना लागू आहे.

प्रत्येक हवामानाचा आपापला शत्रू

विदर्भाला अवकाळीची भीती, तर फ्लोरिडाला गोठण्याची. फ्लोरिडातलं ऑर्लंडो आणि आपली दिल्ली जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. पण १८९४-९५ च्या हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या थंड हवेनं फ्लोरिडातल्या बागा गोठून मेल्या आणि तिथली बागायत आणखी दक्षिणेला सरकली. १९८० च्या दशकात पुन्हा तेच झालं.

इथं डोंगरांची दिशा कामाला येते. हिमालय पूर्व-पश्चिम आडवा उभा आहे. मध्य आशियातली गोठवणारी हवा तो अडवतो. अमेरिकेतले रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण आहेत. त्यामुळे ध्रुवाकडची हवा मधल्या सपाट मैदानातून थेट फ्लोरिडापर्यंत उतरू शकते. नागपूरच्या संत्र्याला थंडीनं केशरी रंग मिळतो, पण थंडीनं बागच मरण्याचा धोका फारसा नसतो, याचं श्रेय बऱ्याच अंशी हिमालयाला जातं.

फ्लोरिडाचा उतारही बोलका आहे. १९९७-९८ च्या हंगामात तिथं सुमारे २४.४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २०२३-२४ मध्ये हा आकडा २ कोटींच्याही खाली आला. यात सगळा दोष हवामानाचा नाही. २००५ पासून पसरलेल्या ‘ग्रीनिंग’ या रोगानं बागा पोखरल्या. त्यावर २०१७ चं इर्मा आणि २०२२ चं इयान ही चक्रीवादळं आली. ब्राझीलमध्येही २०२४ च्या हंगामात उष्णता, दुष्काळ आणि याच रोगामुळे पीक गेल्या तीन दशकांतल्या नीचांकी पातळीवर गेलं आणि जागतिक बाजारात संत्र्याच्या रसाचे दर विक्रमी उंचीवर पोहोचले. स्पेनमधला व्हॅलेन्सिया प्रांत संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथं २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तापलेल्या भूमध्य समुद्रावरून आलेल्या बाष्पानं महापूर आणला. काही ठिकाणी वर्षभराचा पाऊस आठ तासांत कोसळला आणि त्या भागात २०० हून अधिक माणसांचा जीव गेला.

सरासरी ठीक, वेळ चुकली

हवामान बदलाची चर्चा बहुतेक वेळा तापमानाच्या आकड्यावर होते. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो आणि मधले कोरडे दिवसही लांबतात.

संत्रा बागायतदाराला मात्र सरासरी तापमानापेक्षा पावसाचा क्रम बिघडल्याचा फटका आधी बसतो. अलीकडची दोन वर्षं पाहा.

२०२३ मध्ये प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे पेरूकडच्या बाजूचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं. असं झालं की भारतातला पाऊस अनेकदा आखडतो. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि लगेच २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. महिन्यांची बेरीज केली तर अशा वर्षीची सरासरी फार वाईट दिसत नाही. पण बागेत आधी पाण्याअभावी आणि नंतर साचलेल्या पाण्यानं फळगळ होते. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात आणि डिंक्या रोग बळावतो.

२०२५ मध्ये उलटं झालं. मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आला आणि मुंबईत २६ मे रोजी, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. विदर्भातही मे महिन्यात वळवाच्या सरी येत राहिल्या. त्यानंतर मोसमी वाऱ्यांची पुढची वाटचाल मेअखेर थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत रखडली. म्हणजे ताण हवा तेव्हा पाऊस आणि पाऊस हवा तेव्हा उघडीप. देशात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा जास्तच झाला, सुमारे १०८ टक्के. सरकारी तक्त्यात हे चांगलं वर्ष आहे. मृग बहाराच्या दृष्टीनं ते अवघड वर्ष आहे.

मृग सोडला तर आंब्या, पण पाणी कुठून?

एक बहार बेभरवशाचा झाला की शेतकरी दुसऱ्याकडे वळतो. पण आंब्या बहाराला भर उन्हाळ्यात पाणी लागतं. वरुडसारख्या तालुक्यात भूजलाचा उपसा आधीच मर्यादेबाहेर गेलेला आहे आणि हा तालुका अतिशोषित गणला जातो. म्हणजे पाऊस वेळेवर न आल्याची किंमत जमिनीखालच्या पाण्यातून चुकवली जाते.

बाजारावरही परिणाम होतो. सगळे आंब्या बहारावर गेले तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये माल एकदम येतो आणि भाव पडतात. एरवी वाढीव माल बांगलादेशात जायचा. पण त्या देशानं संत्र्यावरचं आयात शुल्क २०१९ नंतर वाढवत नेलं. किलोमागे २० टाक्यांचं शुल्क २०२३ पर्यंत ८८ टाक्यांवर गेलं आणि निर्यात घटली. म्हणून दोन बहारांत विभागलेली आवक ही कळमन्यातल्या भावांसाठी एक प्रकारची सुरक्षा झडप होती. मृग बहार कमी होणं म्हणजे ही झडप बंद होणं.

विमा आहे, पण कोणत्या धोक्याचा?

राज्यात हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. नुकसान मोजायला कोणी बागेत जात नाही. हवामान केंद्रानं नोंदवलेला पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की भरपाई लागू होते. त्यासाठी ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभारली गेली आहेत.

या पद्धतीत दोन प्रश्न आहेत. पहिला, यंत्राच्या अचूकतेचा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. जगातली आजवरची अधिकृत विक्रमी नोंद ५६.७ अंशांची आहे, १९१३ ची, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीची. हवामान विभागानं नंतर स्पष्ट केलं की यंत्रात बिघाड होता. इतकी मोठी चूक लगेच पकडली जाते. एखाद्या मंडळातल्या केंद्रानं २ अंश किंवा १० मिलिमीटर चुकीचे दाखवले तर ते कोणाच्या लक्षात येईलच असं नाही आणि तेवढ्यावर भरपाई मिळणं किंवा न मिळणं ठरू शकतं.

दुसरा प्रश्न जास्त मूलभूत आहे. मृग बहाराच्या संत्र्यासाठी विम्याचा भर कमी पाऊस आणि पावसातला खंड या दोन धोक्यांवर आहे. सहभागाची मुदतही साधारण जूनच्या मध्यापर्यंत असते. मे महिन्यात अवेळी पाऊस होऊन ताण तुटला तर नुकसान झालेलं असतं, पण ते या चौकटीत बसत नाही. पाऊस कमी पडणं हाच धोका असं गृहीत धरून बनवलेली योजना, पाऊस चुकीच्या वेळी पडण्याचा धोका मोजत नाही.

आता काय करता येईल?

नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. ताणाचे पर्याय, जमिनीला मानवणारे खुंट, ठिबकनं मोजून पाणी देणं, पाणी निचरण्यासाठी चर काढणं, हे उपाय बागायतदारांना माहीत आहेत आणि काही प्रमाणात वापरातही आहेत. भारी जमिनीत गादीवाफ्यावर लागवड केली तर अतिपावसाचा त्रास कमी होतो. पण मे महिन्यातला पाऊस थांबवणारं तंत्र कोणाकडे नाही. म्हणून तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात.

एक, विम्याच्या अटींमध्ये मृग बहाराच्या ताणाचा काळ धरणं. दोन, हवामान केंद्रांची नियमित तपासणी करून नोंदी शेतकऱ्याला सहज पाहता येतील अशा ठेवणं. तीन, मोसमी पावसाचा अंदाज देताना हंगामाच्या टक्केवारीबरोबरच मे-जूनच्या आठवड्यांचा अंदाज तालुक्यापर्यंत पोहोचवणं. बागायतदाराला देशात १०८ टक्के पाऊस पडेल हे कळून फार उपयोग नाही. त्याला हवं आहे ते एवढंच, की येत्या दोन आठवड्यांत काटोलात पाऊस येणार की नाही, म्हणजे या वर्षी मृग धरायचा की सोडून आंब्यासाठी पाणी राखायचं, हे त्याला ठरवता येईल.

जगातल्या प्रत्येक प्रदेशानं आपापल्या हवामानाशी जुळवून शेती बसवली आहे. कॅलिफोर्नियानं हिवाळी पावसावर, विदर्भानं मृगावर. हवामान बदलतं तेव्हा हे जुळलेले सांधे आधी निखळतात, उष्णतेचे विक्रम नंतर मोडतात. त्यामुळे येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्यात मृग बहाराची आवक किती होते, हा आकडा फक्त व्यापाऱ्यांच्या कामाचा नाही. आधीच्या मे महिन्यात काय घडलं होतं, याचाही तो हिशोब असेल.